सात्सुकी अझेलियाची खरड छाटणी

सात्सुकी अझेलियाची खरड छाटणी ही बोन्साय अर्थात वामनवृक्ष कलेतील एक प्रक्रिया आहे. या प्रक्रियेत सात्सुकी गटातील अझेलियाच्या झाडाचा बहुतेक पर्णसंभार व बारीक फांद्या काढून टाकून झाड खोड आणि मोजक्या जाड फांद्यांच्या खुंटांपर्यंत मागे आणले जाते. त्यानंतर जुन्या सालीतून फुटणाऱ्या नव्या धुमाऱ्यांपासून त्याचा आकार पुन्हा घडवला जातो. बोन्सायसाठी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक वृक्षांमध्ये वाढीचा जोर शेंड्याकडे असतो, तर अझेलियामध्ये तो बुडाकडे असतो. त्यामुळे या झाडाच्या छाटणीचा क्रम इतर वृक्षांच्या उलट असतो. हा भेद लक्षात न घेतल्यास खालून भरपूर फूट येते, मात्र शेंडा वाळून जातो आणि अनेक दशकांत तयार झालेला आकार कायमचा नष्ट होऊ शकतो.

संज्ञा

जपानी भाषेत या छाटणीला किरिमोदोशी म्हणतात. किरि म्हणजे कापणे आणि मोदोशी म्हणजे मागे नेणे. 'खरड छाटणी' हा मराठी शब्द द्राक्षबागायतीत रूढ आहे. नाशिक, सांगली, सोलापूर या भागांत द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या सुमारास ओलांड्यावरील काड्या बुडाशी एकदोन डोळे राखून छाटतात, तिला खरड छाटणी म्हणतात. ऑक्टोबरच्या सुमारास फळांसाठी जी छाटणी होते तिला गोडी छाटणी म्हणतात. वाढलेला भाग जवळजवळ पूर्ण काढून नव्या फुटीवर भिस्त ठेवणे, हे द्राक्षाच्या खरड छाटणीचे तत्त्व अझेलियाच्या या छाटणीलाही लागू पडते. मात्र द्राक्षवेलीची खरड छाटणी दरवर्षी होते, तर बोन्साय अझेलियाची एवढी तीव्र छाटणी कित्येक वर्षांतून एखाद्या वेळीच केली जाते. फुलोरा संपल्यावर दरवर्षी होणारी हलकी छाटणी ही याहून वेगळी आहे.

वनस्पती

सात्सुकी हा एरिकेसी कुलातील ऱ्होडोडेंड्रॉन प्रजातीमधील सदाहरित झुडपांचा गट आहे. ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम ही जाती आणि तिचे ऱ्होडोडेंड्रॉन एरिओकार्पम या जातीशी झालेले संकर यांचा या गटात मुख्यतः समावेश होतो. सात्सुकी हे जुन्या जपानी पंचांगातील पाचव्या महिन्याचे नाव आहे. या गटातील झाडे इतर अझेलियांच्या मागाहून, म्हणजे मेच्या उत्तरार्धात व जूनमध्ये फुलतात, म्हणून त्यांना हे नाव मिळाले.

इंडिकम या नावामुळे ही वनस्पती भारतातील असावी असा समज होतो. प्रत्यक्षात ती मूळची जपानची आहे. कार्ल लिनेयस यांनी १७५३ मध्ये तिला अझेलिया इंडिका असे नाव दिले. पुढे अझेलिया ही स्वतंत्र प्रजाती न मानता तिचा समावेश ऱ्होडोडेंड्रॉनमध्ये करण्यात आला. तथापि जातिवाचक नाव तसेच राहिले.

निसर्गात ऱ्होडोडेंड्रॉन इंडिकम डोंगरातील ओढ्यानद्यांच्या काठी, खडकांच्या फटींत वाढते. तिची मुळे केसासारखी बारीक, दाट व जमिनीच्या वरच्या थरात पसरणारी असतात. या कुलातील बहुतेक वनस्पतींप्रमाणे तिला मूलरोम नसतात आणि अन्नद्रव्ये शोषून घेण्यात मुळांवरील सहजीवी कवकांचे साहाय्य होते. तिला आम्लधर्मी माती मानवते. पाने दोन प्रकारची असतात. वसंतात येणारी मोठी पाने बहुतांशी शरद ऋतूत गळतात, तर उन्हाळ्यात फांदीच्या टोकाशी येणारी लहान पाने हिवाळाभर टिकतात. म्हणून शरदात सात्सुकीची आतली पाने पिवळी पडून गळणे हे रोगाचे लक्षण मानले जात नाही.

पार्श्वभूमी

जपानमध्ये एदो काळात (१६०३–१८६८) अझेलियाच्या लागवडीला मोठी लोकप्रियता लाभली. एदो शहराजवळील सोमेई येथील रोपवाटिकाकार इतो इहेई यांनी १६९२ मध्ये 'किन्शू माकुरा' हा पाच खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात अझेलियाच्या तीनशेहून अधिक वाणांची नोंद असून सात्सुकी आणि इतर अझेलिया यांचे स्वतंत्र वर्गीकरण केलेले आहे. आज सात्सुकीचे वाण हजाराहून अधिक आहेत. ओसाकाझुकी, कोझान, निक्को, किन्साई, काहो, कोरिन हे बोन्सायसाठी वापरल्या जाणाऱ्या वाणांपैकी काही होत.

तोचिगी प्रांतातील कानुमा हे शहर सात्सुकीच्या लागवडीचे प्रमुख केंद्र आहे. तेथे अकागी ज्वालामुखीच्या प्राचीन उद्रेकातून साचलेला हलका, सच्छिद्र, आम्लधर्मी प्युमिस जमिनीखाली सापडतो. तो कानुमा माती या नावाने ओळखला जातो व सात्सुकीच्या कुंड्यांसाठी वापरला जातो. या भागात छाट कलमांपासून तयार केलेली रोपे कोवळेपणी तारेने वळवून जमिनीत लावतात. खोड जाड होईपर्यंत ती मोकळी वाढू देतात आणि नंतर उपटून त्यांची खरड छाटणी करतात. बोन्साय म्हणून पाहायला मिळणाऱ्या जाड बुंध्याच्या बऱ्याच सात्सुकी झाडांच्या घडणीत अशी एक तरी तीव्र छाटणी झालेली असते.

उद्देश

खरड छाटणी पुढील परिस्थितींत केली जाते.

१. जमिनीत वाढवलेल्या अथवा बागेतून काढलेल्या जुन्या झाडाचा बोन्साय घडवण्यास आरंभ करताना. अशा झाडाचे खोड जाड असते, परंतु फांद्या लांब, सरळ व आतून उघड्या असतात.

२. कुंडीतील जुन्या बोन्सायचा विस्तार हाताबाहेर गेला असेल तेव्हा. सात्सुकीला फुले फांदीच्या टोकाला येतात. फुलांच्या मोहाने वर्षानुवर्षे छाटणी टाळल्यास पालवी खोडापासून दूर सरकत जाते आणि आतल्या भागात नुसत्या काटक्या उरतात.

३. फांद्यांच्या टोकांशी गाठी तयार झाल्या असतील तेव्हा. फुलोऱ्यानंतर एकाच ठिकाणाहून चारपाच फुटवे येतात. ते विरळ करून दोनच राखले नाहीत, तर त्या जागी सूज येऊन फांदीचा निमुळतेपणा जातो.

४. झाडाच्या मांडणीत मूलभूत बदल करावयाचा असेल तेव्हा.

छाटणीमागील शास्त्र

सुप्त डोळे

सदाहरित झाडांपैकी सर्वच झाडे जुन्या लाकडावर फुटत नाहीत. चीड, देवदार यांसारख्या सूचिपर्णी वृक्षांची फांदी पूर्ण पर्णहीन केल्यास ती बहुधा मरते. निरोगी अझेलिया मात्र कित्येक वर्षांच्या उघड्या खोडावरही फुटते. तिच्या सालीखाली सुप्त डोळे दीर्घकाळ जिवंत राहतात. फांदीचे टोक कापले की तेथून खाली वाहणाऱ्या ऑक्सिन या संप्रेरकाचा पुरवठा थांबतो. डोळ्यांवरील दाब सैल होतो, सालीवर प्रकाश पडतो आणि मुळे व खोड यांत साठलेल्या अन्नाच्या बळावर डोळे फुटतात. एकाच खुंटाभोवती डझनावारी डोळे फुटलेले आढळतात. ही फूट पूर्णपणे साठलेल्या अन्नावर अवलंबून असल्याने अशक्त झाड छाटणीनंतर फुटेलच असे नाही.

बुडाकडील जोर

मेपल, चीड यांसारखे वृक्ष स्वभावतः उंच वाढतात. त्यांच्यात शेंडा प्रबळ असतो. बोन्साय करताना त्यांचा शेंडा वारंवार खुडून खालच्या फांद्यांना बळ द्यावे लागते. अझेलिया हे झुडूप आहे. निसर्गात ते उंचीने वाढण्याऐवजी बुडातून नवनवे फुटवे काढून रुंद होते आणि जुने दांडे कालांतराने सोडून देते. बोन्सायमध्ये त्याला एका खोडाचे, शेंडा असलेल्या वृक्षाचे रूप दिले जाते; तथापि आकार वृक्षाचा झाला तरी स्वभाव झुडपाचाच राहतो. अन्नपाण्याचा ओघ बुडाकडील फांद्यांना अधिक मिळतो आणि शेंडा तुलनेने उपाशी राहतो.

यातूनच सात्सुकीच्या छाटणीचा मूळ नियम निघतो. खालच्या फांद्या आखूड व कडकपणे छाटतात. वर जावे तसतशी छाटणी सौम्य होत जाते आणि शेंड्याकडे शक्य तेवढी पाने राखली जातात. वरची कमकुवत फांदी उघडी आणि खालच्या फांद्या भरगच्च, ही स्थिती सर्वांत घातक ठरते. अशा वेळी झाडाचा सर्व ओघ खालच्या पालवीकडे वळतो आणि वरचा भाग फुटण्याआधीच वाळतो.

पूर्वतयारी

छाटणीच्या आधी किमान एक पूर्ण हंगाम झाड मोकळे वाढू देतात. त्या काळात नियमित खत दिले जाते, फुले येण्याआधीच कळ्या खुडतात आणि फुटव्यांना हात लावत नाहीत. फुले व बीजकोश यांवर होणारा अन्नाचा खर्च वाचवणे हा कळ्या खुडण्यामागील हेतू असतो. गडद हिरवी पाने, लांब जोमदार फुटवे आणि बुंध्याजवळ आपोआप येणारे धुमारे ही झाड छाटणीयोग्य असल्याची लक्षणे मानली जातात. पाने पिवळी, फूट आखूड किंवा मुळे कुजलेली असल्यास आधी मातीचा व मुळांचा प्रश्न सोडवून छाटणी पुढे ढकलतात.

मुळांची छाटणी आणि खरड छाटणी एकाच वेळी करावी की नाही, याबाबत दोन प्रघात आहेत. जमिनीतून काढलेल्या जोमदार झाडाची मुळे व फांद्या एकदमच कमी केल्या जातात, कारण उपटताना मुळे तुटलेलीच असतात. कुंडीतील जुन्या झाडाच्या बाबतीत या दोन क्रियांमध्ये एक-दोन वर्षांचे अंतर ठेवण्याकडे कल असतो.

हंगाम

जपानच्या हवामानात यासाठी दोन काळ योग्य मानले जातात. पहिला काळ हिवाळ्याच्या अखेरीस, नवी पालवी फुटण्याच्या थोडा आधी येतो. त्या वेळी झाडात अन्नाचा साठा भरपूर असतो आणि पुढे वाढीचा संपूर्ण हंगाम मिळतो. दुसरा काळ जूनमध्ये, फुलोरा संपताच येतो. त्या सुमारास तेथे पावसाळी हवा असते. दमट हवेमुळे उघड्या सालीतून होणारे शोषण कमी होते व फूट लवकर येते.

पुढील वर्षाच्या कळ्या उन्हाळ्यात, जुलै-ऑगस्टच्या सुमारास नव्या फुटव्यांच्या टोकांशी तयार होतात. त्यामुळे वार्षिक हलकी छाटणीदेखील त्याआधी उरकावी लागते. खरड छाटणीत मात्र पुढील एक-दोन वर्षांच्या फुलोऱ्यावर पाणी सोडावेच लागते. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात वा शरदात ही छाटणी टाळतात, कारण उशिरा आलेली कोवळी फूट जून होण्यापूर्वीच थंडीत सापडते.

पद्धत

प्रथम खोडाच्या बुंध्यावरील माती हलकेच बाजूला करून मुळांचा पसारा उघडा केला जातो आणि त्यावरून झाडाची दर्शनी बाजू निश्चित होते. त्यानंतर ठेवावयाच्या फांद्यांवर खूण करतात. फांद्या आलटूनपालटून डाव्या, उजव्या व मागील बाजूस असाव्यात आणि वर जाताना त्यांतील अंतर कमी होत जावे, हा सर्वसाधारण संकेत आहे.

नको असलेल्या फांद्या खोडालगत कापतात. ठेवलेल्या फांद्या अपेक्षित लांबीपेक्षा बऱ्याच आखूड केल्या जातात, कारण पुढील बारीक फांद्यांचा विस्तार त्या खुंटांपासून घडवायचा असतो. ज्या ठिकाणी फांदीची जाडी कमी होऊन वळण येणे अपेक्षित असते, तेथे छेद घेतात.

खोडाचा शेंडा कापताना विशेष काळजी घेतली जाते. छेदाखालील लाकूड काही अंतरापर्यंत वाळत जाण्याची शक्यता असते. म्हणून नियोजित उंचीच्या थोडे वर कापून खुंट राखला जातो. कोणता डोळा फुटला हे स्पष्ट झाल्यावर पुढील हंगामात त्या डोळ्यालगत दुसरा, अंतिम छेद घेतला जातो. शेंड्याजवळ पाने असलेली एखादी डहाळी असल्यास ती ओघ ओढून घेणारी म्हणून राखली जाते, भले नंतर ती काढून टाकायची असो.

जाड फांदी करवतीने कापल्यावर छेदाच्या कडा धारदार चाकूने गुळगुळीत करतात आणि सर्व मोठ्या जखमांवर जखमलेप लावतात. अझेलियाचे लाकूड उघडे राहिल्यास लवकर कुजते. जुनिपरच्या बोन्सायमध्ये वाळलेले पांढरे लाकूड सौंदर्य म्हणून राखतात. अझेलियामध्ये ते टिकत नसल्याने जखम सालीने पूर्ण झाकली जाणे आवश्यक असते. आसपास भरपूर पालवी असल्यास जखमेच्या कडेने नवी साल वेगाने सरकते. त्यामुळे मोठ्या जखमेजवळचे काही फुटवे मुद्दाम लांब वाढू दिले जातात.

छाटणीनंतरची निगा

पाने गेल्यामुळे झाडाची पाण्याची गरज एकदम घटते. याच काळात पूर्वीच्याच प्रमाणात पाणी दिल्यास मुळे कुजतात. कानुमा माती ओली असताना पिवळसर व वाळल्यावर फिकट दिसते. रंगातील हा बदल पाणी देण्याची वेळ ओळखण्यास उपयोगी पडतो. भरपूर उजेड पण दुपारच्या प्रखर उन्हापासून आडोसा, अशा जागी झाड ठेवले जाते. पातळ साल कडक उन्हात भाजू शकते आणि गडद सावलीत डोळे फुटण्यास विलंब होतो.

उबदार हवेत काही आठवड्यांत सालीवर हिरवट किंवा तांबूस टिंबे दिसू लागतात. खत पहिली पालवी जून होईपर्यंत देत नाहीत. फुटव्यांची निवड दोन टप्प्यांत होते. बुंध्यातून व मुळांतून येणारे धुमारे दिसताच काढले जातात, कारण बुडाकडील जोर सर्वप्रथम तेथेच प्रकट होतो. खोडावरील व फांद्यांवरील इतर फुटवे प्रारंभी बहुतांशी राखले जातात. झाडाने बळ धरल्यावर प्रत्येक जागी दोन-तीन ठेवून बाकीचे काढतात. शेंड्याकडील फुटव्यांना मात्र सर्वांत शेवटी हात लावला जातो.

नवे फुटवे उभे वाढतात. ते अर्धवट जून झाले की तारेने आडवे केले जातात. अझेलियाचे लाकूड ठिसूळ असते आणि नवा फुटवा खोडाला जेथे जोडलेला असतो तेथून सहज निखळतो. त्यामुळे तो वाकवताना बुडाशी बोटाचा आधार देतात. फार उशीर केल्यास फांदी ताठ होऊन मोडते. तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी लागते.

छाटणी आणि फुलांचे रंग

सात्सुकीच्या अनेक वाणांत एकाच झाडावर पांढरी, गुलाबी, पट्टेरी, ठिपकेदार व एकरंगी फुले येतात. झाडाच्या निरनिराळ्या फांद्यांतील ऊती अनुवंशिकदृष्ट्या किंचित भिन्न असल्यामुळे हे घडते. म्हणून फांदी कापली म्हणजे तिच्यावरील रंगाचा नमुनाही झाडातून जाऊ शकतो. गडद एकरंगी फुलांची फांदी बहुधा तशीच एकरंगी राहते. छाटणीत पट्टेरी फुलांच्या फांद्या गेल्या आणि एकरंगी उरल्या, तर पुढे झाडावरील वैचित्र्य परत येण्याची शक्यता अत्यल्प असते. किन्साई या वाणात पाकळ्या अरुंद व चिरलेल्या असतात. त्यात सामान्य आकाराची फुले देणारी फांदी निघाल्यास ती वेळीच काढावी लागते.

यावर उपाय म्हणून छाटणीच्या आधीच्या वर्षी झाड फुलू देऊन फांद्यांना रंगांच्या खुणेच्या चिठ्ठ्या बांधण्याची पद्धत आहे. तथापि पूर्वतयारीसाठी कळ्या खुडणे आणि रंग पाहण्यासाठी झाड फुलू देणे या परस्परविरोधी गोष्टी आहेत. त्यामुळे जतन करण्याजोग्या बहुरंगी झाडाच्या बाबतीत तयारीचा कालावधी एका वर्षाने वाढतो. कापलेल्या कोवळ्या डहाळ्यांची छाट कलमे करून मूळ रंगनमुना वेगळ्या रोपांत राखता येतो.

धोके

शेंडा वाळणे हा सर्वाधिक आढळणारा दोष आहे. तो झाल्यास खालची एखादी फांदी उभी करून नवा शेंडा घडवावा लागतो. काही वेळा मोठी फांदी काढल्यानंतर तिच्या सरळ रेषेत खाली खोडाची साल पट्ट्यासारखी मरते. याखेरीज कोवळ्या पालवीवर लेस बग व लाल कोळी यांचा प्रादुर्भाव संभवतो.

अझेलियाच्या सर्व भागांत ग्रेयानोटॉक्सिन ही विषद्रव्ये असतात. शेळ्या, मेंढ्या व गुरे यांनी पाला खाल्ल्यास विषबाधा होते. खरड छाटणीत एकाच वेळी पुष्कळ पाला निघत असल्याने तो चाऱ्यात जाणार नाही याची दक्षता घ्यावी लागते.

भारतातील स्थिती

भारतात अझेलियाची लागवड मुख्यतः दार्जिलिंग, सिक्कीम, शिलाँग, उदगमंडलम अशा थंड हवेच्या प्रदेशांत होते. महाराष्ट्राच्या पठारी भागातील काळी माती बहुधा चुनखडीयुक्त व विम्लधर्मी असते आणि विहिरींचे व कूपनलिकांचे पाणीही पुष्कळ ठिकाणी जड असते. अशा परिस्थितीत अझेलियाला लोह मिळेनासे होऊन पानांच्या शिरा हिरव्या व मधला भाग पिवळा पडतो. अशा झाडात खरड छाटणी सोसण्याइतका अन्नसाठा नसतो. म्हणून या भागात अझेलियाचा बोन्साय करताना आम्लधर्मी मिश्रण आणि पावसाचे साठवलेले अथवा मृदू पाणी यांची व्यवस्था आधी करावी लागते. मूळ हवामानासाठी ठरलेले जून, जुलै हे महिने येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. छाटणीची वेळ झाडाचा फुलोरा कधी संपला आणि नवी पालवी केव्हा येणार, यांवरून ठरवावी लागते.